उकडतं म्हणून हेल्मेट नको? कोल्हापूरच्या उन्हापावसात टू-व्हीलरवर काय घालावं आणि कसं

एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता दसरा चौकातल्या सिग्नलला उभं राहून बघा. हेल्मेट भरपूर दिसतात. एक आरशाला टांगलेलं, एक पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेलं, एक मागं बसलेल्याच्या कोपरात अडकवलेलं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "उकडतंय ओ, डोकं शिजतंय."

हे उत्तर खोटं नाही. कागलच्या एमआयडीसीत कामाला रोज गाडीवरून जाणं-येणं असल्यामुळं, महामार्गावर ट्रकच्या मागं अडकल्यावर हेल्मेटच्या आत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण मित्रांची, घरच्यांची, कामावरच्या पोरांची हेल्मेट हातात घेऊन तपासायला लागल्यापासून माझं मत पक्कं झालंय: या त्रासातला मोठा वाटा चुकलेल्या मापाचा, मळलेल्या गादीचा आणि बुजलेल्या हवेच्या छिद्रांचा असतो. ते सगळं दुरुस्त करता येतं. पावसात काचेवर वाफ धरते, तेही दुरुस्त करता येतं. म्हणून "घालाच" एवढंच सांगून न थांबता, ते दिवसभर डोक्यावर राहील असं कसं करायचं ते इथं सविस्तर लिहितोय.

आपल्या जिल्ह्यात एकाच दिवसात दोन हवामानं भेटतात. शिरोळ-हातकणंगल्याकडं कोरडं ऊन, आणि पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडं धो धो पाऊस आणि धुकं. सकाळी जयसिंगपुरात घाम पुसणारा माणूस दुपारी करूळ घाटात कुडकुडत असतो. त्यामुळं मुंबई-पुण्याच्या दुकानात जे "ऑल सीझन" म्हणून दाखवतात ते इथं चालेलच असं नाही.

आधी कायदा, म्हणजे वाद संपेल

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकानं, गाडी चालवणाऱ्यानं आणि मागं बसणाऱ्यानंही, सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट घालायचं आहे. पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. "फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत", "शहरात नको, हायवेला घालू" अशी सूट कलमात कुठंही नाही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते: हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं असलं तरच ते हेल्मेट. पट्टा मोकळा सोडून नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या हिशेबात धरलंच जात नाही, आणि पडल्यावर रस्त्याच्या हिशेबातही नाही. पहिल्या आपटीला ते डोक्याआधी निघून जातं.

२०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९४-डी मध्ये विनाहेल्मेट गाडीला १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन अपात्र, अशी तरतूद आहे. लोक दंडाचं बोलतात. लायसनचं कुणी बोलत नाही. ज्याचं पोट डिलिव्हरीवर किंवा फिरतीच्या नोकरीवर आहे त्याच्यासाठी तीन महिने म्हणजे तीन पगार. ट्रिपल सीटला, कलम १९४-सी खाली, हीच शिक्षा आहे.

"शहरात गाडी चाळीसच्या वर जातेच कुठं?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी थांबलेली आहे, पाय घसरला आणि माणूस सरळ आडवा झाला असं समजा. दीड मीटरवरून खाली येणारं डोकं जमिनीला टेकताना ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगात असतं. गाडीचा वेग शून्य असताना. महाद्वार रोडच्या गर्दीत, बिंदू चौकातल्या वळणावर, घराच्या दारात गाडी स्टँडवर लावताना डोकं फुटतं ते यामुळं.

हेल्मेट यात दोन कामं करतं. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि रस्त्यावरून घसरत जातं. आतला थर्माकोलसारखा थर दबला जातो, आणि त्या दबण्यात डोकं थांबायला क्षणाचा जो थोडा जास्त अवकाश मिळतो तोच मेंदू वाचवतो. दबलेला थर परत फुगत नाही. ते काम तो एकदाच करतो. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २००८ साली कॉक्रेन या संस्थेनं काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळं मोटरसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

माप: इथं घाई करू नका

दुकानात गेलं की माणूस रंग बघतो, मग किंमत, आणि शेवटी "एल साइज द्या". उलट करा.

घरातून निघण्याआधी शिंप्याकडं असते तसली टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर अंतर ठेवून, कानांच्या वरून, मागं डोक्याचा सर्वांत फुगीर भाग येईल अशी गुंडाळा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. आपल्याकडच्या बहुतेक हेल्मेटवर माप मिलिमीटरमध्ये असतं: ५६० म्हणजे एस, ५८० म्हणजे एम, ६०० म्हणजे एल, ६२० म्हणजे एक्सएल. तुमचं डोकं ५९ सेंटिमीटर भरलं तर आधी ५८० घालून बघा. आतली गादी महिन्याभरात थोडी दबते, त्यामुळं पहिल्या दिवशी "आरामशीर" वाटणारं हेल्मेट गणपतीपर्यंत डोक्यावर गरगर फिरायला लागतं.

घालताना दोन्ही पट्टे धरून बाहेर ओढा आणि मग डोकं आत घाला. आता आरशात बघा. गाल दोन्ही बाजूंनी जरा दाबले गेले पाहिजेत, इतके की दात चावून बोलताना गालाची आतली कातडी दाताखाली येईल असं वाटावं. कपाळ आणि गादीच्या मध्ये बोट सहज जात असेल तर हेल्मेट मोठं आहे. डोकं स्थिर ठेवून हेल्मेट हातानं डावी-उजवीकडं फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली जायला हवी. हेल्मेट सुटं फिरलं तर ठेवून द्या.

मग पट्टा लावा. हनुवटीखाली दोन बोटं कशीबशी जातील इतकाच मोकळा. मागच्या कडेला हात घालून हेल्मेट वर आणि पुढं ढकला, जणू कुणी मागून उपटतंय. ते डोळ्यांवरून पुढं निघून आलं तर कितीही महागडं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. ही परीक्षा दुकानदाराला आवडत नाही, तरी करा.

शेवटी ते डोक्यावर ठेवून पंधरा मिनिटं दुकानातच बसा. चहा मागवा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ उठलं असेल आणि तिथं ठणकत असेल, तर माप बरोबर असूनही त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. काहींचं डोकं लांबट असतं, काहींचं गोल. दुसऱ्या कंपनीचं घालून बघा. "हेल्मेटनं डोकं दुखतं" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं मी एवढ्यावरच गेलेलं पाहिलंय.

खरं कसं ओळखायचं

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय मार्क नसलेलं टू-व्हीलर हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. मार्कच्या वर "आयएस ४१५१" हा मानकाचा क्रमांक आणि खाली "सीएम/एल" नं सुरू होणारा लायसन क्रमांक असतो. मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं "बीआयएस केअर" ॲप घ्या आणि दुकानातच तो क्रमांक टाका. कोणत्या कंपनीला, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे ते दिसतं. नुसता स्टिकर छापायला काही लागत नाही.

एकदा मी स्वतः रस्त्याकडेला मांडलेल्या ढिगातून, मागं बसणाऱ्यासाठी म्हणून दोनतीनशे रुपयांचं हेल्मेट आणलं. स्टिकर झकास होता. घरी आतली गादी बाजूला सारली तर खाली टीव्हीच्या खोक्यात येतो तसला भुसभुशीत थर्माकोल, अंगठ्यानं दाबला की खड्डा पडणारा, आणि कपाळाच्या भागात तर तोही नाही, नुसतं प्लॅस्टिक. त्या हेल्मेटवर मी माझ्या बायकोला महामार्गावरून घेऊन जाणार होतो. तेव्हापासून विकत घेताना गादीची कडा उचलून आत बघायची सवय लागली: कडक, दाट, संपूर्ण डोक्याला सलग थर हवा.

प्रकाराचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. हनुवटीसकट झाकणारं, म्हणजे फुलफेस. उघड्या तोंडाच्या हेल्मेटमध्ये वारा जास्त लागतो, पण जबडा, दात आणि नाक उघडं राहतं, आणि तोंडावर पडणारी माणसं कमी नसतात. अर्ध्या डोक्याची टोपी घेऊच नका; ती कानाच्या वरच संपते. घरातल्या वयस्कर माणसांना फुलफेसमध्ये गुदमरल्यासारखं होत असेल तर पुढचा भाग वर उचलता येणारं घ्या, मात्र चालत्या गाडीवर तो खाली आणि लॉक असला पाहिजे. रंग पांढरा, पिवळा किंवा फिकट. काळ्यापेक्षा उन्हात कमी तापतो आणि लांबून दिसतो.

उकाड्यावर उपाय

हेल्मेटच्या पुढं हनुवटीवर आणि कपाळावर हवा आत येण्याची छिद्रं असतात, मागं गरम हवा बाहेर जाण्याची. विकत घेताना ही छिद्रं आतल्या थर्माकोलमधून आरपार गेलेली आहेत का ते बघा. काही स्वस्त हेल्मेटवर बाहेरून छान जाळी असते आणि आतून थर सलग, म्हणजे शोभेची. उजेडाकडं धरून बघितलं की कळतं. जुन्या हेल्मेटची छिद्रं धुळीनं बुजलेली असतात. आपल्याकडं उद्यमनगर, गोकुळ शिरगावच्या रस्त्यांवर जी बारीक काळी धूळ उडते ती घामाबरोबर लगद्यासारखी बसते. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

ही सगळी हवा गाडी चालत असतानाच खेळते. सिग्नलला काच पूर्ण वर करा. निघताना खाली.

पुढचं काम सुती टोपीचं. हेल्मेटच्या आत घालायची पातळ, शिवण नसलेली टोपी घ्या, दोन किंवा तीन. घाम ती शोषते, गादी कोरडी राहते, आणि रोज संध्याकाळी टोपी बनियनबरोबर धुतली जाते. इतक्या स्वस्तात इतका आराम देणारी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही. डोक्याला तेल चोपडून थेट हेल्मेट घालत असाल तर ते बंद करा. तेल गादीत मुरतं, त्यावर धूळ बसते, वास सुटतो, टाळूला खाज येते आणि मग दोष हेल्मेटला जातो.

मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी गादी धुवा. निघणारी असेल तर गालाचे दोन तुकडे आणि डोक्याचा अस्तर काढा, कोमट पाण्यात लहान बाळाचा शांपू टाकून दहा मिनिटं भिजवा, हातानं दाबून मळ काढा, पिळू नका, पंख्याखाली सावलीत वाळवा. गादी न निघणारी असेल तर तेच पाणी स्पंजनं आतून लावून, ओल्या फडक्यानं पुसून रात्रभर उलटं ठेवा. थिनर, पेट्रोल, रॉकेल कवचाला किंवा काचेला लावू नका. त्यानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि थर्माकोल तर पेट्रोलमध्ये विरघळतो. टाकीवर हेल्मेट ठेवू नये ते याचसाठी. आरशाला टांगल्यावर आरशाचं टोक आतल्या थरात खळगा पाडतं, हे वेगळंच.

अंगाचंही बघायला हवं. उन्हात अर्ध्या बाह्यांचा शर्ट थंड वाटतो तो गाडी चालू असेपर्यंत. पारा ३७-३८ च्या पुढं गेला की अंगावर येणारा वारा कातडीपेक्षा गरम असतो. तो अंगाला उलट उष्णता देतो, आणि घाम भराभर सुकवून पाणी खेचतो. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट बरा. लांब जायचं असेल तर आतला बनियन ओला करून वर जाळीचं जर्किन घाला. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यासारखं काम करतं. तासाभरानं थांबून पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचं पाणी. डोकं गरगरलं, पायात गोळे आले, किंवा एवढ्या उन्हात घाम येणंच थांबलं, तर पुढच्या गावाची वाट बघू नका. तिथल्या तिथं सावलीत थांबा.

वळवाचा पाऊस ते श्रावण

सर्वांत निसरडा रस्ता जुलैत नसतो. तो वळवाच्या पहिल्या पावसात असतो. महिनोन्महिने साचलेलं डिझेल, ऑइल, टायरची भुकटी आणि माती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत वर येते आणि डांबरावर साबण पसरल्यासारखं होतं. तेवढा वेळ टपरीवर थांबलात तर काही बिघडत नाही.

पावसात आपली खरी अडचण काच. काळी काच दुपारपुरती. संध्याकाळी, पावसात, धुक्यात पारदर्शकच हवी. दोन्ही ठेवा, बदलायला मिनिट लागतो. काचेवर ओरखडे असतील तर रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्या प्रत्येक ओरखड्यात फुटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. काच ही टायरसारखी बदलायची वस्तू आहे. पुसताना आधी भरपूर पाणी ओतून माती उतरू द्या, मग मऊ फडकं. शर्टाच्या बाहीनं कोरडी काच पुसली की तिचं आयुष्य तिथंच निम्मं होतं.

वाफेसाठी: आतून काच धुऊन कोरडी करा, भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटानं पसरा, आणि मऊ फडक्यानं दिसेनासा होईपर्यंत पुसा. एक-दोन दिवस टिकतं. नाकावरचा रबरी पडदा हेल्मेटबरोबर मिळतो तो फेकू नका, तो श्वास खाली वळवतो. तरीही घाटात वाफ धरलीच तर काच एक खटका उघडी ठेवा. बाहेरची बाजू हातमोज्याच्या अंगठ्यानं पुसता येते. वाफेवरचा कायमचा उपाय म्हणजे काचेच्या आत बसणारी पिनलॉकची दुसरी पातळ काच. महिन्यातून चारदा घाट चढणाऱ्यानं ती नक्की घ्यावी.

रेनकोट दोन तुकड्यांचा, आणि काळा नको. पावसात काळा रेनकोट, काळं हेल्मेट आणि काळा रस्ता यात माणूस हरवतो. आंबोली, फोंडा, करूळ किंवा आंबा घाटात धुक्यात शिरल्यावर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसायला हवेत. पिवळा किंवा पोपटी घ्या, पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. पोंचो म्हणजे घोंगडीसारखा सैल रेनकोट गाडीवर घालू नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि टोक चाकात जातं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही साधनानं सुटत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदी त्या आकड्यांकडं सरकत असेल तर बाहेर पडण्याआधी रस्त्याची चौकशी करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात, पलीकडचा कुणी "या की, जातंय" म्हणाला तरी गाडी घालू नका.

हात, पाय आणि अंग

पडताना माणूस हात पुढं करतो. विचार करून नव्हे, आपोआप. म्हणून हेल्मेटनंतर पहिला खर्च हातमोज्यांवर करा. उन्हाळ्यात वरून जाळीचे, तळव्याला चामडं किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा असलेले, मनगटाला पट्टा असलेले. घामानं हँडल निसटतं तेही थांबतं.

पायात घोटा झाकणारे बूट. इथं माझ्या गावच्या अभिमानाच्या वस्तूबद्दल बोलावं लागतंय. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती चालायला बनलेली चप्पल आहे. तिचा चामड्याचा तळ ओल्या फुटरेस्टवर सटकतो, मागं टाचेला पट्टा नसतो, गिअर टाकताना अंगठा उघडा असतो, आणि पडल्यावर सर्वांत आधी तीच उडते. पाण्यानं चप्पलही खराब होते. पिशवीत घालून डिकीत ठेवा, लग्नाच्या मांडवात पोहोचल्यावर घाला.

जर्किन घ्यायचं तर आपल्या हवेला जाळीचंच. खांदे, कोपर आणि पाठीत बसवलेली कवचं बाहेर काढून बघा. खांद्या-कोपराच्या खऱ्या कवचावर "सीई" आणि "ईएन १६२१-१" या युरोपियन मानकाच्या खुणा कोरलेल्या असतात. पाठीत नुसता स्पंज असेल तर तो बदलून खरं पाठीचं कवच घ्या. जर्किन अंगाला नीट बसलं पाहिजे, नाहीतर पडताना कवच कोपरावरून सरकतं. एवढा खर्च लगेच झेपत नसेल तर जाड जीन्स आणि वरून बांधायचे गुडघ्याचे-कोपराचे गार्ड. साधी जीन्स रस्त्यावर घासली की लवकरच फाटते, तिच्यावर एकटीवर भरवसा नको.

ओढणी, पदर आणि लहानगी

स्कूटीवर जाणाऱ्या मुली उन्हासाठी स्टोल गुंडाळतात आणि वर हेल्मेट घालतात. मागं गाठ आली की हेल्मेट नीट बसत नाही, वर तरंगतं, आणि पट्टाही लागत नाही. स्टोलऐवजी डोक्यापासून मानेपर्यंत येणारा पातळ सुती मास्क घाला, तो हेल्मेटखाली सपाट बसतो. ओढणीची टोकं कमरेला गाठ मारून कुर्त्याच्या आत. केस बांधायचे ते खाली, मानेजवळ.

साडी नेसून एका बाजूला बसायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे. साडीगार्ड, हाताला धरायची कडी आणि फुटरेस्ट ही गाडीला नियमानंच असायला हवीत. शोभेसाठी साडीगार्ड काढून टाकलेल्या गाडीवर आईला बसवू नका. पदर कमरेला खोचला की नाही ते गाडी सुरू करण्याआधी मागं वळून बघायची जबाबदारी चालवणाऱ्याची.

मुलांचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला टू-व्हीलरवर न्यायचं असेल तर त्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, मोटरसायकलचं किंवा सायकलचं चालतं. शिवाय मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस हवा, ३० किलो वजन पेलणारा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चार वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांसारखंच पूर्ण हेल्मेट. शाळेच्या वेळी टाकीवर पुढं उभं केलेलं पोर बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. ब्रेक लागल्यावर त्याची छाती थेट हँडलवर जाते.

ऊस सुरू झाला की

नोव्हेंबरपासून कारखाने पेटले की रात्रीचा रस्ता बदलतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी चिखलानं झाकलेली, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. समोरून येणाऱ्याच्या दिव्यानं डोळे दिपलेले असताना ही ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी पुढ्यात असते. त्या दिवसांत रात्री पारदर्शक, स्वच्छ काच खाली ठेवूनच चालवा. पाखरं आणि पाचटाचा भुगा डोळ्यात गेला की ब्रेकही सुचत नाही. स्वतःच्या हेल्मेटच्या मागं चमकणाऱ्या टेपची चार बोटं रुंद पट्टी लावा. आणि शेतातून रस्त्यावर चाकांबरोबर आलेली माती जिथं दिसेल तिथं वळणाआधीच वेग उतरवा.

पडल्यावर

बालिंग्याच्या पुढं, अशाच मातीवर, मी दोन वर्षांपूर्वी पडलो. वेग तिशीच्या आसपास. पुढचं चाक सटकलं आणि डाव्या अंगावर गेलो. हातमोजा तळव्यावर उसवला, गुडघा सोलला, आणि डोकं एकदा खणकन रस्त्याला लागलं. उठून बसलो, चहा घेतला, घरी आलो. हेल्मेटवर कानाच्या वर फक्त खरचटलं होतं, रंग गेला होता, बाकी काही नाही. "अजून दोन वर्षं जाईल" असंच घरी सगळ्यांचं म्हणणं. रात्री गादी काढून टॉर्च मारला तर त्याच जागी आतल्या थराला रुपयाएवढा चपटा खळगा आणि त्यातून निघालेली केसासारखी भेग. तेवढी जागा माझ्यासाठी दबली होती.

दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर आधी मागची वाहनं थांबवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत येते. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका. मानेला इजा असेल तर त्या ओढण्यात ती वाढते. शुद्धीवर असेल आणि श्वास ठीक असेल तर काच उघडा, पट्टा सैल करा आणि डोकं हलू न देता धरून ठेवा. श्वासच अडकत असेल तर काढावं लागतं, पण दोघांनी मिळून: एकानं खालून मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्यानं कडा बाजूला ताणत हळूहळू सरकवायचं. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होईल ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३४-ए अशा मदतगाराला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं.

ज्या हेल्मेटनं एकदा मार घेतला ते गेलं. मार न घेतलेलंही रोजच्या वापरात पाच वर्षांनी बदला. घाम, ऊन आणि तेलानं थर आणि गोंद कमजोर होतो. कवचावर किंवा पट्ट्याच्या आत बनवल्याचा महिना-वर्ष असतं, ते खरेदीच्या वेळीही बघा. आणि जुनं हेल्मेट भंगारात देताना दोन्ही पट्टे कात्रीनं कापा, कवचावर मार्करनं मोठी फुली मारा. मी बालिंग्याचं हेल्मेट नुसतंच गॅलरीत ठेवलं होतं. आठवड्याभरानं शेजारचा पोरगा ते घालून कॉलेजला निघालेला जिन्यात भेटला.